ऑर्लँडोकर

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळात एक खजिनदार असतो, एक ढोलपथकाचा प्रमुख असतो आणि एक ऑर्लँडोकर असतो. पहिल्या दोघांची निवड सर्वसाधारण सभेत होते आणि त्यावरून पुढे वर्षभर रुसवेफुगवे चालतात. ऑर्लँडोकर मात्र बिनविरोध. त्याला कोणी नेमलेलं नसतं, त्यामुळे काढताही येत नाही. मूळ गाव सांगली असो की डोंबिवली, 'यंदा मुलांना डिस्नेला न्यायचं म्हणतोय' हे वाक्य गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत कोणाच्या तोंडून निसटलं, की चार माणसं मागे उभा असलेला हा गृहस्थ हातातला द्रोण सांभाळत पुढे येतो आणि एकच प्रश्न विचारतो, "उतरणार कुठे?"

कधी जाणार, किती दिवस, मुलं केवढी, हे सगळं नंतर. आधी उतरणार कुठे.

सर्वसामान्य माणूस हॉटेलकडे पाठ टेकायची जागा म्हणून बघतो. सकाळी आठला बाहेर पडायचं, रात्री पाय ओढत परत यायचं, मग गादी कशी होती हे लक्षात राहतंय कोणाच्या? ऑर्लँडोकरांना हा विचार अडाणीपणाचा वाटतो. त्यांच्या मते पार्क सगळ्यांना सारखाच. सिंड्रेलाचा किल्ला तुमच्यासाठी एक आणि शेजाऱ्यासाठी दुसरा असं काही नसतं. ऊन तेच, रांग तीच. माणसाची अक्कल कळते ती त्यानं घेतलेल्या खोलीवरून.

आता तुम्ही भाबडेपणानं म्हणालात, "बघू, बाहेर किसिमीला काहीतरी स्वस्तातलं मिळेल," तर ते रागावत नाहीत. ते 1955 पासून सुरुवात करतात.

त्या वर्षी कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पार्क बांधता बांधताच वॉल्ट डिस्नेचा खिसा रिकामा झाला होता. हॉटेलला पैसे उरले नव्हते. मग टीव्हीवर 'लोन रेंजर' काढणाऱ्या जॅक रॅदर नावाच्या निर्मात्याला त्यानं गळ घातली आणि ऑक्टोबरात शेजारीच डिस्नेलँड हॉटेल सुरू झालं. पाटी डिस्नेची, गल्ला रॅदरचा. ते हॉटेल कंपनीच्या ताब्यात यायला 1988 उजाडलं, तोवर वॉल्टला जाऊन वीस वर्षं उलटली होती. मधल्या काळात पार्कच्या कुंपणाबाहेर मोटेलांची रांग लागली. गर्दी वॉल्टनं जमवायची आणि खाटा दुसऱ्यांनी भाड्यानं द्यायच्या! म्हणून फ्लोरिडाला जायची वेळ आली तेव्हा वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांच्या आडून त्यानं गुपचूप 27,000 एकरांच्या आसपास जमीन उचलली.

"एवढी जमीन काय मिकी माउसला पळायला घेतली?" ऑर्लँडोकर विचारतात. द्रोणातला शिरा एव्हाना गार झालेला असतो. "हॉटेलं दुसऱ्याच्या हातात जाऊ नयेत म्हणून घेतली रे."

हे सोळा आणे खरं नाही. वॉल्टला तिथे एक आख्खं शहर वसवायचं होतं, आणि जमिनीत दलदलही भरपूर होती. पण 1 ऑक्टोबर 1971 ला फ्लोरिडाचं दार उघडलं तेव्हा पार्क एकच होता आणि हॉटेलं दोन, ही गोष्ट ऑर्लँडोकरांच्या बाजूनं जाते. पुढच्या महिन्यात तंबू ठोकायची जागाही तयार झाली. आज पार्क चार आहेत आणि कंपनीच्या हॉटेलांनी पंचविशी ओलांडली आहे. ज्यानं कोणी हिशेब केला त्याला माणसाची हौस दिवसा संपते पण रात्र काढायला त्याला छप्पर लागतंच, हे नीट कळलेलं असणार.

तर या पंचवीस-सव्वीस हॉटेलांची तुलना हे ऑर्लँडोकरांचं जीवितकार्य. व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स या तीन इयत्ता कंपनीनंच पाडून दिल्या आहेत. ऑर्लँडोकरांनी त्यात स्वतःच्या तुकड्या पाडल्या. त्यांच्या एक्सेलच्या तक्त्यात बसथांब्यापासून खोलीपर्यंतची पावलं आहेत, लिफ्टची संख्या आहे, पोहण्याच्या तलावाशेजारी सावली कुठल्या वेळेला पडते तेही आहे. 'लॉबीचा वास' असा एक रकाना आहे आणि त्यात दहापैकी गुण आहेत.

त्यांच्या तोंडून कंटेम्पररी ऐकावं. मंडळाच्या वार्षिक सहलीत, बसमध्ये शेजारी बसायची पाळी आली तर ऐकावंच लागतं. इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची ती इमारत, तिच्या पोटातून आरपार जाणारी मोनोरेल. खोल्या दुसरीकडे तयार करून आणल्या आणि क्रेननं उचलून सांगाड्यात सरकवल्या. याच हॉटेलात 17 नोव्हेंबर 1973 ला, वॉटरगेटच्या ऐन धुमाळीत, निक्सननं संपादकांच्या सभेत उभं राहून आपण लबाड नाही असं देशाला सांगितलं. मधल्या चौकात मेरी ब्लेअरनं केलेलं भलंमोठं फरशीचित्र आहे, त्यात एक शेळी आहे आणि त्या शेळीला पाय पाच आहेत. ही पाच पायांची शेळी ऑर्लँडोकरांनी इतक्या लोकांना दाखवली आहे, की न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना अमेरिकेचे पहिले पाच अध्यक्ष सांगता येणार नाहीत, पण शेळीचे पाय बरोबर सांगतील.

पॉलिनेशियनचा विषय निघाला की आवाज खाली येतो. 1974 च्या डिसेंबरात जॉन लेननने बीटल्सच्या काडीमोडाच्या कागदावर सही केली ती याच हॉटेलात. पण ऑर्लँडोकरांचं दुःख ते नव्हे. लॉबीत मधोमध एक धबधबा होता, झाडीतून कोसळणारा. 2014 साली तो काढून टाकला आणि तिथे लहानशी काहीतरी शोभेची मांडणी आली. जुने पुणेकर रमणबागेतल्या सवाई गंधर्वच्या रात्रींबद्दल ज्या सुरात बोलतात, त्या सुरात ऑर्लँडोकर त्या धबधब्याबद्दल बोलतात. "आता काही राम नाही राहिला. पूर्वी आत पाऊल टाकलं की पाण्याचा आवाज यायचा. माणूस अर्धा तिथेच निवायचा."

"किती दिवस होता तुम्ही तिथे?" असं एकानं एकदा सहज विचारलं.

"कुठे?"

"पॉलिनेशियनला. राहिला होतात ना?"

ऑर्लँडोकर खिडकीबाहेर बघू लागले. उत्तर पुढच्या सीटवरून आलं. वहिनी मागे न वळता म्हणाल्या, "राहिलो कुठे? आम्ही आपले दरवेळी पॉप सेंच्युरी."

हे एक वाक्य नीट समजून घेतलं, की या माणसाची गुरुकिल्ली हाती लागते. पंचवीस हॉटेलांचा अभ्यास, तीन इयत्तांचा तौलनिक आढावा, दर फेब्रुवारीत सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालणारा खल, आणि आरक्षण? पॉप सेंच्युरी. एक अपवाद सोडला, तर आजवर दुसरं झालेलं नाही. त्यांना दुसरं आवडत नाही असं नाही, सगळी आवडतात. ग्रँड फ्लोरिडियनवर तर जीव आहे. 1988 साली उघडलेलं, लाल छपराचं, पांढऱ्या भिंतींचं, कॅलिफोर्नियातल्या जुन्या कोरोनाडो हॉटेलाच्या धर्तीवर बांधलेलं. त्याच्या लॉबीला 'वासा'त दहापैकी साडेनऊ आहेत. अर्धा गुण का कापला विचारलं तर म्हणतात, "पूर्ण कोणालाच द्यायचे नसतात." पण ग्रँड फ्लोरिडियनच्या एका रात्रीत पॉपच्या तीन-चार रात्री निघतात, हे गणित एकदा डोक्यात शिरलं की बाहेर जात नाही. आणि पार्क उघडायच्या आधी अर्धा तास आत सोडायची सवलत दोन्हीकडच्या पाहुण्यांना सारखीच! हा अर्धा तास ऑर्लँडोकरांच्या बोलण्यात दर दहा मिनिटांनी येतो.

पॉप सेंच्युरी ही मात्र पाहण्यासारखी गंमत आहे. 2003 सालचं हे हॉटेल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दशकांवर बांधलंय. पन्नासच्या दशकाच्या इमारतींना इमारतीएवढ्या बोलिंगच्या पिना, साठला यो-यो, ऐंशीला रुबिकचा ठोकळा. खरं तर तळ्यापलीकडे शतकाचा पूर्वार्धही व्हायचा होता, पण 11 सप्टेंबर 2001 नंतर प्रवासाचा धंदा बसला आणि ते सांगाडे तसेच पडून राहिले. पुढे 2012 मध्ये त्या जागी आर्ट ऑफ ॲनिमेशन नावाचं दुसरंच हॉटेल निघालं. ऑर्लँडोकर आग्रहानं नव्वदच्या दशकातली खोली मागतात. तिथे अजस्र लॅपटॉप आहे. हे गृहस्थ वायटूकेचं काम करायला एच-वन व्हिसावर आलेले, तेव्हा त्या लॅपटॉपकडे ते कृतज्ञतेनं बघतात. जवळच संगणकाच्या आकाराचा पोहण्याचा तलावही आहे. ज्या यंत्रानं डोळ्यांचा नंबर वाढवला, पाठ वाकवली आणि घराचे हप्ते फेडले, त्याच्यात बुडी मारायची सोय जगात दुसरीकडे असेल असं वाटत नाही.

जायचा मुहूर्त ठरलेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अटलांटिक सिटीत अधिवेशन असतं, त्यामुळे गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. कित्येक शाळा आठवडाभर सुट्टी देतात. त्या आठवड्यात आमचं निम्मं राज्य ऑर्लँडोत असतं, इतकं की डिस्नेप्रेमी त्याला 'जर्सी वीक'च म्हणतात. मॅजिक किंगडम पार्कच्या दारात तुमचा दंतवैद्य भेटतो, बसमध्ये ऑफिसातला साहेब आणि मोनोरेलच्या फलाटावर ती मंडळी, ज्यांना 'आम्ही त्या आठवड्यात गावात नाही' सांगून तुम्ही त्यांच्या घरचं केळवण टाळलेलं असतं. दिवाळीही कधी कधी याच सुमाराला येते. मग फराळ सोबत. डिस्नेच्या पार्कात बाहेरचं खाणं न्यायला बंदी नाही, हा मुद्दा तक्त्यात हिरव्या रंगानं रंगवलाय. दारावर बॅग तपासणारा माणूस चकलीच्या डब्याकडे क्षणभर रोखून बघतो. त्या क्षणी ऑर्लँडोकरांचा चेहरा नागरिकत्वाच्या मुलाखतीला बसल्यासारखा होतो. मग डबा पुढे सरकतो.

विमानानं अडीच-तीन तास लागतात, तरी ते गाडीनं जातात. हजार मैलांच्या वर, आय-95 धरून खाली. कारण विमानात कुकर नेता येतो की नाही यावर घरात एकमत नाही.

एकदा पॉपमध्ये सामान टाकलं, की खरी सहल सुरू होते. मुलं आणि वहिनी पार्कात, ऑर्लँडोकर हॉटेलं बघायला. मोनोरेल फुकट, बोट फुकट, बस फुकट. 2019 पासून तर पॉपच्या तळ्यावरूनच स्कायलायनरचे पाळणे सुटतात, तेही फुकट. पाळण्यात बसायचं, कॅरिबियन बीचला बदलायचं, रिव्हिएराची लॉबी बघायची, तिथून एपकॉटच्या मागच्या दारी उतरायचं आणि पार्कात न शिरता डावीउजवीकडच्या हॉटेलांची हजेरी घ्यायची. बीच क्लबच्या तलावाच्या तळाशी खरी वाळू आहे, ती कुंपणाबाहेरून बघायची. संध्याकाळी पॉलिनेशियनच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचं. समोरच्या सरोवरापलीकडे मॅजिक किंगडमची आतषबाजी दिसते. शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं त्या दृश्यासाठी रात्रीचे कितीतरी डॉलर मोजलेले असतात आणि ऑर्लँडोकरांनी चिवड्याची पुडी आणलेली असते. आवाज तोच, उजेड तोच. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते पैसे मोजून मिळणाऱ्यातलं नाहीच. पैसे न मोजता मिळालं म्हणून तर पसरतं.

हातात एक झाकणाचा मग असतो. हॉटेलात तो एकदा विकत घेतला, की मुक्काम असेपर्यंत सोडा, कॉफी, चहाचं गरम पाणी हवं तितक्या वेळा भरून घेता येतं. मुक्काम संपला की मग मुका होतो, कारण त्यात चिप बसवलेली असते. ऑर्लँडोकरांच्या एडिसनच्या घरी अशा मुक्या मगांची एक फळी आहे. एकात पळ्या, एकात उदबत्त्या, एकात नाणी. टाकून का देत नाही विचारलं तर म्हणतात, "चिप काय, कंपनी कधीतरी पुन्हा चालू करेल."

अशा माणसाला शत्रू एकच असू शकतो, आणि तो मंडळातच आहे. हा सल्लागार कंपनीत काम करतो. दर सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत. गेली कित्येक वर्षं तो मॅरियटमध्ये झोपतो आणि झोपेत त्याचे पॉइंट वाढतात. एपकॉटजवळ स्वान आणि डॉल्फिन अशी दोन हॉटेलं आहेत, मायकेल ग्रेव्हज या वास्तुकारानं केलेली. छपरांवर एकीकडे राक्षसी हंस, दुसरीकडे राक्षसी मासे. जमीन डिस्नेची, पण चालवते मॅरियट. हे पॉइंटवाले भाऊ तिथे पॉइंटांवर उतरतात, पार्कात अर्धा तास आधी शिरायची सवलतही त्यांना मिळते, आणि कोजागिरीला दुधाचा पेला हातात घेऊन ते हे सगळं हळू आवाजात सांगतात. हळू आवाजातच सांगतात, त्याचा त्रास जास्त होतो.

"ते डिस्नेचं नाहीच मुळी," ऑर्लँडोकर म्हणतात.

"आहे की आत. चालत एपकॉट."

"आत आहे, पण डिस्नेचं नाही. आत असणं वेगळं."

"मला शून्य डॉलर पडले."

"रिसॉर्ट फी?"

पॉइंटवाले दुधाचा घोट घेतात.

"पार्किंग?"

आणखी एक घोट.

"आणि तुझ्या पॉइंटांची किंमत? दर आठवड्याला ओमाहाला जाऊन झोपतोस, त्याचं काय? बायको-मुलं इथे, तू तिथे. ते पॉइंट फुकट आले होय रे?" हा बाण जरा जास्तच आत गेला. पॉइंटवाल्यांच्या बायकोनं वर बघितलं आणि कोणीतरी घाईघाईनं चंद्राचा विषय काढला.

युनिव्हर्सलचे भक्त वेगळेच. त्यांचा पंथ लहान, पण हिशेबाला कडक. युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांत उतरलं, तर मूळ दोन पार्कांत रांग चुकवायचा एक्स्प्रेस पास खोलीबरोबर मिळतो, आणि तो आल्या दिवशीही चालतो आणि जायच्या दिवशीही. म्हणजे एक रात्र, दोन दिवस, खोलीत चार माणसं. हे गणित ऐकल्यावर ऑर्लँडोकर बराच वेळ गप्प होते. त्यांना ते तोडता आलं नाही. शेवटी म्हणाले, "पण तिथे बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत," आणि तो पंथ त्यांच्यापुरता तिथेच संपला.

जेवण हा विषय खरा वर्मावरचा. हॉटेलांची कितीही तुलना करा, मराठी माणसाची पाहणी शेवटी खोलीत भात शिजेल का, या प्रश्नाशी येऊन थांबते. पॉपच्या खोलीत लहान फ्रिज आहे, कॉफीचं यंत्र आहे. मायक्रोवेव्ह खाली फूडकोर्टात. त्या मायक्रोवेव्हपुढे रात्री साडेदहाला जी माणसं उभी दिसतात त्यांच्याकडे बघावं. पायात त्राण नाही, गळ्यात मिकीचे कान, हातात पाकिटातलं वरण. मागे पिझ्झाची रांग, पुढे भाजलेल्या जिऱ्याचा वास, आणि ओळख नसलेला एखादा गुंटूरचा माणूस वळून विचारतो, "लोणचं आहे का?"

आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी आले त्या वर्षी मात्र प्रश्न तक्त्याच्या हाताबाहेर गेला. पॉपची खोली चौघांची, माणसं सहा. तेव्हा तळ्यावरचा पूल ओलांडून पलीकडच्या आर्ट ऑफ ॲनिमेशनचा सहा जणांचा कौटुंबिक स्वीट घ्यायचा, इतपत धाडस ऑर्लँडोकरांनी केलं. पॉपशी ही एकमेव बेइमानी, तीही पुलाएवढ्या अंतराची. स्वीटमध्ये खोलीतच मायक्रोवेव्ह, आणि न्हाणीघरं दोन. बाबा सकाळी आत गेले की वर्तमानपत्र संपवून बाहेर येतात, हे माहीत असलेल्या घरात दुसऱ्या न्हाणीघराचं मोल कुठल्याही किल्ल्याहून अधिक. खोली 'कार्स' या सिनेमाच्या सजावटीची निघाली. जेवायचं टेबल भिंतीतून खाली ओढलं की त्याचा पलंग होतो. बाबांनी ते दिवसभरात अनेकदा करून बघितलं. आई म्हणाल्या, "जेवायच्या जागी झोपायचं आणि झोपायच्या जागी जेवायचं. आमच्या गिरगावातल्या खोलीत तेच होतं की. भाडं अकरा रुपये होतं."

मग ऑर्लँडोकर त्यांना ॲनिमल किंगडम लॉजला घेऊन गेले. उतरायला नव्हे, दाखवायला. 2001 सालचं हे हॉटेल माळरानाच्या कडेनं वळवून बांधलंय. पहाटे सज्जाचं दार उघडलं की समोर जिराफ चरताना दिसतात, झेब्रे दिसतात. ऑर्लँडोकर जवळजवळ सद्गदित होऊन समजावून सांगत होते. आईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि या खोलीला जास्त पैसे पडतात?"

"हो ना. माळरानाकडची सगळ्यांत महाग."

"कोकणात आपल्या पडवीला लागून गोठा होता. तेव्हा तुझ्या मामाला स्थळ येत नव्हतं."

तिथेच किडानी विभागात 'साना' नावाचं उपाहारगृह आहे, आफ्रिकी आणि भारतीय पाकशास्त्राची सांगड घालणारं. नानसारखे पाच प्रकार आणि त्यांच्याबरोबर चटण्यांची ओळ. खिडकीबाहेर प्राणी. ऑर्लँडोकरांच्या तक्त्यात हे सोनेरी रंगात आहे. बाबांना आवडलं. आईंनी एकेका चटणीला बोट लावून पाहिलं आणि कुठली गोड, कुठली जास्त गोड, एवढाच निवाडा दिला. मात्र पुढे पुण्याला परत गेल्यावर त्यांनी भिशीच्या मंडळात सगळ्यांना सांगितलं, की आमचा मुलगा आम्हाला जिराफांच्या हॉटेलात घेऊन गेला होता. राहिलो की नाही, हे कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. रक्ताचे गुण कुठे जातात?

मुलं मोठी झाली. थोरली बॉस्टनला, धाकटा नोकरीला लागला. ऑर्लँडोकर आणि वहिनी दोघंच पॉपला जात राहिले. धाकट्यानं पहिल्या बोनसमधून आईवडिलांना परस्पर भेट दिली : ग्रँड फ्लोरिडियन, सरोवराकडची खोली, पाच रात्री.

ही बातमी कळली तेव्हा ऑर्लँडोकर चार दिवस कोणाचा फोन घेत नव्हते. आनंद झाला म्हणावं तर तसं दिसेना. वहिनी सांगत होत्या, की रात्री उठून तक्ता उघडून बसतात. त्यांनी मुलाला फोन करून आडून आडून विचारलंही, की रद्द केलं तर पैसे परत मिळतात का, आणि त्याच पैशांत पॉपला किती रात्री होतील हे त्याला माहीत आहे का. मुलगा त्यांचाच. तो म्हणाला, "माहीत आहे. सतरा. तरी तुम्ही जा."

गेले. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे त्यांची वाट बघत होतो. पॉइंटवालेसुद्धा खुर्ची ओढून जवळ आले. मध्यंतरात बटाटेवडा हातात घेऊन ऑर्लँडोकर उभे राहिले आणि बोलू लागले. विल्डरनेस लॉजबद्दल बोलले. यलोस्टोनच्या जुन्या लाकडी हॉटेलावरून बेतलेली ती लॉबी, तिथला आकाशाला भिडणारा दगडी चुलाणा, तिथे जाणारी बोट. मग बोर्डवॉकबद्दल बोलले. मग फोर्ट विल्डरनेसच्या केबिनांत पूर्ण स्वयंपाकघर असतं आणि ही बाब आजवर आपण तक्त्यात नीट मांडली नव्हती, याबद्दल बोलले. कंटेम्पररीची शेळी बघून आले होते, पाय पाचच होते.

"अहो, पण ग्रँड फ्लोरिडियन कसं होतं?" कोणीतरी न राहवून विचारलं.

"तिथे कुठे वेळ मिळाला रे? सकाळी सातला निघायचो, रात्री दहाला परत. पाच दिवसांत नऊ हॉटेलं झाली. मोनोरेल खालीच असल्यामुळे फार सोपं पडतं. उतरायला तसं ते मध्यवर्ती आहे."

"मी होते ना खोलीत," वहिनी म्हणाल्या. "छान आहे. उशा फार चांगल्या आहेत."

ऑर्लँडोकरांनी वडा खाली ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि फोन उघडला. "उशा," ते म्हणाले. "थांब. उशांचा रकानाच नाहीये. दहापैकी किती देशील?"

"दहा."

"दहा नको. नऊ लिहितो."